मुलांच्या शाळेची सगळी फी आयकरातून वजा होते का?

तुम्ही विचारलंय की नवरा-बायको दोघंही नोकरीला, मोठी मुलगी अकरावीत, मधला सहावीत, धाकटा प्लेग्रुपमध्ये. तर तिघांच्या फीची वजावट मिळेल का आणि किती? मी एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये पगाराचं काम बघते. दर जानेवारीत फीच्या पावत्यांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दोघांनी ऑफिसात कोणती करप्रणाली (कर मोजण्याची पद्धत, जुनी की नवी) कळवली आहे ते बघा. काहीच कळवलं नसेल तर नवी धरली जाते, आणि नव्या प्रणालीत फीची वजावट नाही. खालचं सगळं जुन्या प्रणालीसाठी.

तिघांची फी मिळू शकते. दोन मुलांची मर्यादा कुटुंबाला नाही, प्रत्येक करदात्याला आहे. मोठ्या दोघांची तुम्ही दाखवा, धाकट्याची तुमच्या पत्नी दाखवतील. प्लेग्रुप, नर्सरी चालते. मात्र जो दाखवणार, त्याच्याच खात्यातून फी गेलेली बरी, आणि एकच पावती दोघांनी लावायची नाही. दत्तक किंवा सावत्र मूल असलं तरी हक्क तोच. पुतण्याची, भाचीची किंवा बायकोच्या बी.एड.ची फी भरली तर ती यात बसत नाही.

आता पावती नीट वाचा, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. परवाच एकांनी 68,400 ची पावती दिली आणि फॉर्म 12बीबीमध्ये (वजावटी ऑफिसला कळवायचा फॉर्म) पूर्ण आकडा लिहिला. पावतीत शिक्षण शुल्क होतं 46,000. बाकी विकास निधी 6,000, बस 14,000 आणि स्नेहसंमेलन 2,400. वजावट फक्त 46,000 ची. देणगी आणि विकास निधी तर कायद्यानेच स्पष्ट वगळले आहेत. पावतीवर नुसता एकच आकडा असेल तर शाळेच्या ऑफिसातून फोड करून घ्या. तुमचा तो हक्कच आहे असं मी मानते, संकोच करू नका.

अकरावीचं विशेष सांगते. हल्ली ज्युनियर कॉलेज आणि नीट-जेईईचा क्लास एकत्रच घेतात. कॉलेजच्या पावतीवरचं शिक्षण शुल्क धरलं जातं, क्लासचे लाख-दीड लाख धरले जात नाहीत. शिक्षण पूर्णवेळ हवं आणि संस्था भारतातली हवी; घरच्या शिकवण्या यात येत नाहीत. एवढे पैसे खर्चूनही सवलत नाही, हे ऐकून आईवडिलांचा चेहरा पडतो आणि मलाही वाईट वाटतं, पण नियम तसाच आहे.

फी ज्या आर्थिक वर्षात भरली, त्याच वर्षात धरायची. जूनमध्ये सुरू होणाऱ्या वर्गाची फी मार्चमध्येच भरलीत तर ती मार्चच्या वर्षात जाते.

कमाल मर्यादा दीड लाखाची, पण ती फक्त फीसाठी नाही. पीएफ, पीपीएफ, एलआयसीचा हप्ता, गृहकर्जाचं मुद्दल हे सगळं त्यातच. तुमचा पीएफच वर्षाला 1,20,000 कापला जात असेल तर फीसाठी 30,000 ची जागा उरते. म्हणून तिसऱ्याच काय, दुसऱ्या मुलाचीही फी पत्नीच्या नावावर जास्त उपयोगी पडेल का, हे दोघांच्या पगारपत्रकांवरून ठरवा. फक्त फीपायी जुनी प्रणाली घेऊ नका. दोन्हींचा कर मांडून बघा. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये नव्या प्रणालीत पगारदाराला 12,75,000 पर्यंतच्या पगारावर कर लागत नाही.

आणखी एक: 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू होतो, त्यात फीची ही वजावट देणाऱ्या जुन्या कायद्यातल्या कलम 80सीच्या जागी कलम 123 दिसेल. गोंधळू नका.

ऑफिसात पावती द्यायची राहिली आणि टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) जास्त कापला गेला, तरी रिटर्न मुदतीत भरताना जुनी प्रणाली निवडून फी दाखवता येते आणि जास्तीचा कर परत मिळतो. मुदत उलटली तर नोकरदारालाही जुनी प्रणाली निवडता येत नाही, तेव्हा पावत्या आत्ताच एका फाइलला लावा.