तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: एवढा मोठा स्टार आणि नुसत्या फजित्याच?

प्रश्न: मुलाकडे अमेरिकेत आलोय, वय ६७. इथल्या सीनियर खेळाडूंच्या एका डिनरला शेजाऱ्यांबरोबर गेलो होतो, ते सॉफ्टबॉल खेळतात. पाहुणा म्हणून रिटायर झालेला बेसबॉल स्टार आलेला. मला वाटलं रेकॉर्ड सांगेल, फिट कसं राहायचं सांगेल, तर हा बाबा अर्धा तास आपण किती वेळा आउट झालो, कुठला कॅच सोडला हेच सांगत बसला आणि लोकं हसून बेजार. आणि रिटायर झालेला माणूस खेळणाऱ्यांना काय शिकवणार हो?

उत्तर: काका, शेवटचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे आणि मला वाटतं त्या स्टारलाही तोच पडला असणार. हा चाळिशीच्या आसपास ग्लोव्ह ठेवून मोकळा झाला आणि समोर जेवायला बसलेत ते सत्तरीचे, त्यांची सकाळी मॅच आहे. मग खेळाडू कोण? त्यांच्यासमोर फिटनेसवर बोलायचं म्हणजे जरा अवघडच, त्यापेक्षा फजित्या बऱ्या.

आणि बेसबॉल मुळात आउट होण्याचाच खेळ आहे, क्रिकेटच्या सवयीमुळे आपल्या ते लक्षात येत नाही. दहापैकी तीनदा हिट बसली, म्हणजे बॉल मारून बेस गाठला, तरी तो चांगला बॅटर, त्याला .३०० म्हणतात. १९४१ मध्ये बोस्टनच्या टेड विल्यम्सनं .४०६ केला, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल या दोन मोठ्या लीगमध्ये पूर्ण सीझन .४०० कुणाला जमलेलं नाही, आणि त्या वर्षीसुद्धा हिट हुकण्याचंच प्रमाण जास्त होतं बघा. म्हणजे फजितीचा स्टॉक यांच्याकडे भरपूर, आणि ऐकणाऱ्यांचाही तोच अनुभव, म्हणून हशा.

सेंट लुईस शहराच्या टीमचा स्टॅन म्युझियल घ्या. हा आधी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा होता, १९४० मध्ये मायनर (खालच्या) लीगमध्ये खांदा दुखावला आणि पिचिंग संपली, मग बॅटिंगवरच भर दिला आणि ३६३० हिट्स मारल्या, त्यातल्या १८१५ घरच्या मैदानावर, १८१५ बाहेर, जणू वहीत हिशोब ठेवून. १९६३ मध्ये रिटायर झाला तेव्हा ४२ वर्षांचा होता. पुढे कार्यक्रमात माउथ ऑर्गन काढून वाजवायचा, ते मला भाषणापेक्षा केव्हाही आवडेल. पहिले नॅशनल सीनियर गेम्स १९८७ मध्ये झाले तेही याच सेंट लुईसला, ज्येष्ठ खेळाडूंसाठी, साधारण अडीच हजार खेळाडू होते.

रिटायर शब्दालाच न जुमानणारा एक होता, पिचर सॅचेल पेज. २५ सप्टेंबर १९६५ ला कॅन्सस सिटीच्या टीमकडून तो बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध पिचिंगला उतरला, वय ५९! मालकानं पब्लिसिटीसाठी त्याला झुलत्या खुर्चीत बसवलं होतं, शेजारी नर्सही. पण मैदानात त्यानं तीन इनिंग (दर इनिंगला तीन आउट) टाकल्या आणि हिट दिली फक्त एक, ती बोस्टनच्या कार्ल यास्त्रेमस्कीला. तुमच्या डिनरला हा किस्सा कुणी सांगितला नसेल तर शेजाऱ्यांना तुम्हीच सांगा.

प्रश्न: त्याच शेजाऱ्यांच्या मॅचला दोन होम प्लेट (बॅटर उभा राहतो तिथली पाटी) दिसल्या. मी चुकीचं बघितलं का?

उत्तर: नाही हो, बरोबर बघितलंत. सीनियर सॉफ्टबॉलमध्ये रनरची प्लेट वेगळी आणि कॅचरची (आपल्या विकेटकीपरसारखा, बॅटरच्या मागचा) वेगळी ठेवतात, धडक नको म्हणून, या वयात हाड मोडलं की वर्ष गेलं. पहिल्या बेसलाही दोन भाग असतात, बाहेरचा केशरी तो पळणाऱ्याचा. शिवाय गुडघे साथ देत नसतील तर हिट तुम्ही मारायची आणि बेसवर पोचल्यावर पुढं पळायला दुसरा भिडू! अजून महिनाभर तिकडे असाल तर आणखी एक मॅच बघून या, आणि कॅचरचं वय किती ते नक्की कळवा.