सलोनमध्ये चालतं ते गॅलरीत का चालत नाही? (निपाणीच्या मित्राला उत्तर)

प्रश्न असा होता की सलोनमध्ये, म्हणजे फोटो स्पर्धांमध्ये, ॲक्सेप्टन्स मिळतात (फोटो निवडले जातात), पण बेंगळूरला गॅलरीवाल्यांना पोर्टफोलिओ दाखवला तर "छान आहेत, पण मग पुढं काय?" म्हणाले, तर आर्ट फोटोग्राफीत सध्या चाललंय तरी काय आणि फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा) घेऊ काय. वयानं मोठा आहे म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

कॅमेरा राहू दे बाजूला. तुझे फोटो बघितले, धुक्यातली बैलगाडी, म्हातारीच्या सुरकुत्या, उधळलेला भंडारा, चांगलेच आहेत, पण प्रत्येक फोटो एकेकटा उभा राहून टाळी मागतोय. सलोनमध्ये जज एक फ्रेम बघतो, मार्क देतो, पुढची. गॅलरीवाले बघतात की हा माणूस एकाच गोष्टीच्या मागं का लागलाय. सगळा फरक इथंच आहे.

जर्मनीचे बर्न्ड आणि हिला बेखर बघ, नवरा-बायको. १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे काढत बसले. ढगाळ उजेड, समोरून सरळ, ब्लॅक अँड व्हाइट, माणूस नाही. एकच फोटो बघितलास तर पीडब्ल्यूडीच्या फायलीतला वाटेल, पण तसेच नऊ-पंधरा एकत्र लावले की नजर आपोआप तुलना करायला लागते आणि मग प्रत्येक टाकीला चेहरा दिसतो. १९९० ला व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात यांना बक्षीस मिळालं ते शिल्पकलेचं, बोल आता! त्यांचाच विद्यार्थी आंद्रेयास गुर्स्की, त्यानं ऱ्हाइन नदीच्या फोटोतून काठावरच्या इमारती कॉम्प्युटरवर पुसून टाकल्या आणि तो प्रिंट २०११ ला ४३ लाख डॉलरला गेला. सलोनच्या नेचर सेक्शनमध्ये पाठवला असता तर बाद!

आणि तू निपाणीत राहून विषय शोधतोयस? तंबाखूच्या वखारी आहेत की दारात. आपल्याकडं जून-जुलैत तो ढगाळ उजेड फुकट मिळतोय, सावली नाही, काही नाही, आणि नेमकं तेव्हाच आपण सगळे कॅमेरा आत ठेवून आंबोलीच्या धबधब्याची वाट बघतो. मालकाला आधी विचार मात्र, आत बायका काम करत असतील तर त्यांना पण विचार, चोरून काढू नको.

एकाच गोष्टीची अशी मालिका हा एक प्रवाह, दुसरा मोठा प्रवाह म्हणजे मुद्दाम घडवलेला फोटो. बेंगळूरची कलाकार पुष्पमाला एन. हिनं फोटोग्राफर क्लेअर आर्नीबरोबर २००० ते २००४ मध्ये रविवर्म्याच्या चित्रांपासून पोलिसी फोटोंपर्यंत बायकांच्या ठरीव प्रतिमा स्वतः वेष करून पुन्हा उभ्या केल्या. फोटोग्राफर गौरी गिलनं जव्हारच्या मुखवटे करणाऱ्या कलाकारांना देवांचे सोडून रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितलं आणि मग ते घालून गावातलेच लोक दवाखान्यात, दुकानात, घरात उभे राहिले. खरं-खोटं असला प्रश्नच उरत नाही तिथं. आपल्या बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथावर सजीव देखावे असतात, सगळे जण समोरून मावळ्यांचे फोटो काढतात, पण ट्रॅक्टरमागं मेकअप लावून मोबाईल बघत बसलेला अफझलखान कोणी धरून चार-पाच वर्षं काढला तर? मला तरी बघायला आवडेल.

एआयचं विचारलंस. २०२३ ला बोरिस एल्डाग्सेननं सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एआयची इमेज जिंकवली आणि मग बक्षीस नाकारलं, हा फोटोच नाही म्हणून. इतकंच लक्षात ठेव. सायनोटाइप (निळे प्रिंट काढायची जुनी पद्धत), फिल्म वगैरे पण परत जोरात आहे, सायनोटाइपची प्रोसेस १८४२ ची आहे, ऊन-पाणी आणि केमिकलवर होतंय, करून बघ, पण तीच बैलगाडी निळी केली म्हणून आर्ट होत नाही.

कॅमेऱ्याचे पैसे वाचव. त्यात बेंगळूरला कस्तुरबा रोडवरचं मॅप हे कला आणि फोटोग्राफीचं म्युझियम बघून ये, आणि उरलेल्यात वखारीचे साधे ४x६ प्रिंट काढून फरशीवर मांड, जे नुसतं 'सुंदर' वाटतंय ते आधी उचल. राहिलेले इथं टाकशील तर एकेक नको, एकदम टाक.