‘मला साक्ष देता येत नाही’ या अपराधीपणाखाली काय दडलेलं असतं?

समुपदेशनाला येणारी ख्रिस्ती माणसं बहुतेक वेळा झोप, नोकरी, घरातले ताण असेच विषय घेऊन येतात. पण बोलता बोलता ‘साक्ष देण्या’बद्दलची, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्यांना सांगण्याबद्दलची, एक काळजी हमखास बाहेर पडते : “माझ्या विश्वासाबद्दल मला दुसऱ्यांशी बोलताच येत नाही. माझा विश्वास खरा आहे ना?” मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे कुणी उघडपणे बोलत नाही, कारण बाकीच्या सगळ्यांना ते जमतंय असं प्रत्येकाला वाटत असतं. अशाच एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाळिशीच्या, एका कार्यालयात हिशेब सांभाळणाऱ्या, ख्रिस्ती घरातच वाढलेल्या. मंडळीत मुलांचा वर्गही घेतात. आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. दुसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून एक वही काढली. पानावर सहकाऱ्यांची नावं आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे : ‘पत्रिका दिली’, ‘उपासनेला बोलावलं’, ‘टाळलं’, ‘पुन्हा प्रयत्न’. त्यांतल्या एकीची आई नुकतीच वारली होती. वहीत त्याचा उल्लेख नव्हता.

त्याच सहकारी बाईने एकदा मधल्या सुट्टीत त्यांना विचारलं होतं, “तुझे वडील गेले तेव्हा तू कशी सावरलीस गं?” ही संधी आहे, असं त्यांच्या मनात चमकलं आणि शिबिरात पाठ केलेलं त्या सांगू लागल्या : पाप, वधस्तंभ, सार्वकालिक जीवन. समोरची थोडा वेळ ऐकत राहिली, “हो, बरोबर आहे,” म्हणाली आणि तिने मोबाइल हातात घेतला.

“खरं सांगू का ताई,” त्या मला म्हणाल्या, “मी कितीतरी महिने सावरलेच नव्हते. पण ते सांगितलं असतं तर प्रभूची साक्ष काय राहिली?”

मी विचारलं, “समजा, तुमच्या मैत्रिणीने उद्या विश्वास ठेवला. तिच्या आयुष्यात काय येईल?”

त्या भराभर सांगू लागल्या. रोजचं बायबल वाचन, प्रार्थना, रविवारची उपासना, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणं), सेवा. मग थांबल्या. “आणि आपण कायम कमी पडतोय ही भावना,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मग मी तिला हे कशाला देऊ?”

माझ्या दृष्टीने सगळं इथे उलगडलं. त्यांची जीभ अडखळत होती ती भित्रेपणामुळे किंवा शास्त्राचं ज्ञान कमी म्हणून नव्हे. जे ओझं आपल्यालाच पेलवत नाही ते मैत्रिणीच्या डोक्यावर ठेवायला त्यांचं मन तयार नव्हतं. मला तर तो त्यांचा प्रामाणिकपणा वाटला. अशा माणसाला ‘धीट व्हा’ म्हणून उपयोग होत नाही. त्याच्या मनात विश्वासाचं रूप काय आहे, हे आधी पाहावं लागतं.

आम्ही बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातल्या थोरल्या मुलाबद्दल बरंच बोललो. घर सोडून गेलेला धाकटा भाऊ परत आल्याचा आनंद घरात चाललाय आणि हा बाहेर उभा आहे. इतकी वर्षं तुमची चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही, तरी मला काय मिळालं, असं तो बापाला विचारतो. वाटेने जाणाऱ्या एखाद्याने “तुमच्या घरात राहणं कसं असतं?” असं त्याला विचारलं असतं, तर त्याने काय सांगितलं असतं? घर तेच होतं, बापही तोच. “जे माझं ते सर्व तुझंच आहे,” असं बाप त्याला सांगतो, पण तो घरात चाकरासारखा राहत आला होता. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी चाकरीबद्दलच सांगत होते.”

मानसशास्त्रातही याला आधार आहे. रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये ख्रिस्ती लोकांच्या धार्मिक प्रेरणांचा अभ्यास मांडला. अपराधीपणापोटी किंवा लोक काय म्हणतील म्हणून धर्म पाळणं वेगळं आणि तो मनापासून आपला वाटणं वेगळं. पहिल्याचा संबंध खालावलेल्या मानसिक स्वास्थ्याशी दिसला, तर दुसऱ्याचा चांगल्या स्वास्थ्याशी. हा दाब आतल्या आत राहत नाही, तो बोलण्यात उतरतो. आणि आपल्यावर दाब येतोय असं जाणवलं की समोरचा माणूस मागे सरकतोच.

मी त्यांना सुचवलं, काही आठवडे वही बंद ठेवा आणि साक्ष द्यायची म्हणून कुणाशी बोलू नका. त्या घाबरल्या. “विश्वास सांगण्याची येशूची आज्ञा मोडणं नाही का हे?” त्या प्रश्नासाठी मी त्यांना त्यांच्या पाळकांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, पाठवलं, तो अधिकार त्यांचा. पाळकांनी त्यांना मार्कच्या ५व्या अध्यायातला भूतग्रस्त दाखवला. बरा झाल्यावर तो येशूबरोबर जायला निघतो, पण येशू त्याला घरी पाठवतो, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते आपल्या माणसांना सांग म्हणून. त्याचं कुठलंही शिबिर झालेलं नव्हतं. घडलेलं सांगायचं होतं, एवढंच.

मग आम्ही घडलेलं शोधायला लागलो आणि हे काम सगळ्यात अवघड गेलं. देवावरचा राग बोलून दाखवायलाच त्यांना बराच वेळ लागला. वडील गेल्यावर त्यांच्या तोंडून प्रार्थनाच येत नव्हती. त्या काळात ८८वं स्तोत्र वाचल्याचं त्यांना आठवलं. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं. असं रडगाणंसुद्धा पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे मलाही इथे जागा आहे, असं तेव्हा त्यांना वाटून गेलं होतं. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

याच्या उलट माणसंही माझ्याकडे येतात. जेवणाच्या टेबलावर वाद घालणारी, समोरच्याला निरुत्तर केल्याशिवाय चैन न पडणारी. त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी हीच असुरक्षितता सापडते : समोरच्याने शंका काढली की स्वतःचाच पाया हलल्यासारखा वाटतो. येशूचा शिष्य पेत्र, त्याने बायबलमधलं आपलं पहिलं पत्र निंदा सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांना लिहिलं. त्यांनाही तो आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगतो ते सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे आधी कुणीतरी विचारायला हवं, आणि विचारावंसं वाटेल असं काही आपल्यात दिसायला हवं.

विश्वास उघड केला तर घर तुटेल, जिवावर बेतेल, अशा परिस्थितीत गप्प राहणाऱ्यांना मात्र यातलं काही लावू नये. त्यांचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे.

पुढे बाईंनी स्वतःहून त्या सहकारी मैत्रिणीला सांगितलं, “तू मला विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर मी दिलंच नव्हतं.” मग ते महिने, तो राग, ते स्तोत्र, सगळं सांगितलं. मैत्रिणीने विचारलं, “मग देवाने ऐकलं का तुझं?” “ऐकलं असं मला वाटतं. मागितलं ते मात्र दिलं नाही,” असं त्या म्हणाल्या. मैत्रीण उपासनेला आलेली नाही, कदाचित येणारही नाही. दोघी आता आपापल्या गेलेल्या माणसांबद्दल बोलतात.

सध्या आमच्या भेटींत विषय आहे त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीचा. ती रविवारी घरीच थांबते म्हणते. कारण विचारलं तर तिने उलट आईलाच विचारलं, “तुला तरी तिथे जाऊन आनंद होतो का?” पूर्वी बाईंनी तिला दटावलं असतं. या वेळी त्यांनी तिच्याकडून विचार करायला थोडा वेळ मागून घेतला आहे.