कॉम्प्युटर लढाईची योजना आखतो म्हणजे नेमकं काय करतो?

तुमचा प्रश्न असा: एक्स्पर्ट सिस्टीम आणि सिम्युलेशन यांत फरक काय, आणि लष्कराला दोन्ही कशाला लागतात?

मला तो फरक कोकणात, हर्णै बंदरावर कळला. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी मी काकांकडून (ते तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख) नियम लिहून घेत होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. उधाण (मोठी भरती) असेल तर असं, भांग (लहान भरती) असेल तर तसं. 'असं असेल तर तसं कर' या साच्यात जाणत्याचं डोकं उतरवायचं, ही झाली एक्स्पर्ट सिस्टीम. स्क्रीनवर सल्ला बघून काका म्हणाले, "बरोबर आहे रे. पण सगळ्याच होड्या एका भरतीला आल्या तर बर्फ कुणाकुणाला पुरणार?"

हे नियमांत कुठेच नव्हतं. त्यासाठी चाळीस होड्या, बैलगाड्या, बर्फ, लिलाव असं सगळं आत घालून तोच दिवस शेकडो वेळा, दर वेळी थोडा बदलून, चालवून बघावा लागला. ते सिम्युलेशन.

लष्कराचं दुखणंही बरंचसं बर्फाचंच असतं. 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकेने 'डार्ट' नावाची प्रणाली वापरली. तिने शत्रूला कसं हरवायचं ते सांगितलं नाही. एका वेळी 50,000 पर्यंत वाहनं, सामान आणि माणसं कुठून कुठे, कोणत्या मार्गाने न्यायची ते जुळवलं. आठवडे खाणारं काम तासांवर आलं. माझ्या मते या तंत्राची खरी कमाई इथेच आहे.

शत्रूचं डोकं मात्र नियमांत मावत नाही. अमेरिकी लष्कराच्या 2002 च्या 'मिलेनियम चॅलेंज' युद्धसरावात शत्रूची बाजू निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती. त्यांनी वायरलेस सोडून मोटरसायकलवरून निरोप धाडले आणि अचानक हल्ल्यात अमेरिकेची 16 जहाजं (कागदोपत्री) बुडवली. आयोजकांनी ती पुन्हा तरंगवली आणि पुढच्या चाली बांधून दिल्या. रायपर वैतागून मध्येच बाजूला झाले.

हसू नका, आम्हीही तेच केलं. काका म्हणाले होते, "बर्फाची गाडी घाटात अडकली असं धर." धरलं, तर सगळं वेळापत्रक कोसळलं. सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा होता, म्हणून आम्ही घाटच काढून टाकला.