संगणकाचा दवाखाना : ‘डिस्क गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं?

प्रश्न : आमच्या केळीच्या पेढीवरचा संगणक २०१२ सालचा आहे. आठवड्यापासून सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘नो बूट डिव्हाइस’ येतं. तीन-चारदा बंद-चालू केल्यावर कधी लागतो, पण फाइल उघडताना दहा-दहा मिनिटं अडकतो. दुरुस्तीवाले म्हणतात, हार्ड डिस्क गेली, आता नवीनच घ्या. शेतकऱ्यांच्या पाच वर्षांच्या पावत्या त्यात आहेत. नुसती डिस्क बदलून भागेल का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : बहुधा भागेल. पण ‘लागतो का बघू’ म्हणून तो संगणक पुन:पुन्हा सुरू करणं आजच थांबवा. डिस्कमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर हेड, म्हणजे माहिती वाचणारा-लिहिणारा भाग, तिच्यावर तरंगतं. हेड दुखावलेलं असेल तर दर सुरुवातीला इजा वाढते. आधी पावत्या बाहेर काढायच्या, नवी डिस्क त्यानंतर.

डिस्कमधून ठरावीक तालात कट-कट किंवा खरखर येत असेल तर घरचे सगळे उपाय बंद. ती डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचीच केस आहे. झाकण उघडू नका, धुळीचा एक कण पुरतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो, तोही ऐकू नका. बाहेर काढताच तबकडीवर ओल धरते.

आवाज नसेल तर आधी केबलवर संशय घ्या. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेट, म्हणजे ज्या डब्याला आपण सगळे ‘सीपीयू’ म्हणतो तो, उघडा. डिस्कला दोन केबल असतात. रुंद असते ती विजेची, अरुंद असते ती साटा डेटा केबल (साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत). जुन्या डेटा केबलचा जोड सैल पडतो आणि लक्षणं हुबेहूब डिस्क गेल्यासारखी दिसतात. नवी केबल लावून मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून बघा, पण एकदाच.

तरीही रडतखडतच चालला तर डिस्क काढून साटा-यूएसबी अडॅप्टरने चांगल्या संगणकाला जोडा. अडॅप्टर स्वतःच्या चार्जरचा घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीचे ५ व्होल्ट तिला फिरवू शकत नाहीत. विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारेल. दोन्हींना नकार द्या. विंडोजची चेकडिस्क ही तपासणीही नको, कारण ती दुरुस्तीच्या नावाखाली आजारी डिस्कवरच लिहायला लागते. आधी हिशेबाचा फोल्डर, मग पत्रं, मग फोटो. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर विंडोजमधला फॉन्टचा फोल्डरही उतरवून घ्या. नाहीतर फाइल वाचतील, अक्षरं मात्र वाचता येणार नाहीत.

कॉपी मध्येच अडकत असेल तर लिनक्सवरचं (विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली) डीडीरेस्क्यू हे डेटा वाचवायचं सॉफ्टवेअर वापरणारा कारागीर शोधा. ते आधी डिस्कचा सुस्थितीतला भाग उचलतं, खराब जागी नंतर परत येतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं. अशी अख्खी नक्कल करताना नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही. ५०० जीबीच्या डिस्कची नक्कल ४८० जीबीच्या एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेली, चिपांवरची डिस्क) बसणार नाही.

डेटा हाती आला की क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून निदान पक्कं करा. ०५ आणि सी५ या ओळींच्या शेवटी शून्याखेरीज आकडा असेल आणि तो वाढत असेल तर डिस्क निकामी होत चालली आहे. सी७ वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचा. केबल बदलल्यावर सी७ शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. यावरून बरेचजण फसतात.

नवीन घेताना अडीच इंची साटा एसएसडीच घ्या, हिशेबाच्या कामाला २४० किंवा २५६ जीबी पुरे. खोक्यावर ५५० एमबी प्रतिसेकंद लिहिलेलं असेल. त्या काळच्या एच-६१ सारख्या बोर्डावर साटाचा वेग ३ गिगाबिट असल्याने निम्माच मिळेल. तरीही जुन्या डिस्कपुढे फरक लगेच जाणवतो, कारण विंडोजचा वेळ जातो तो हजारो बारीक फाइल शोधण्यात. साडेतीन इंची खणात बसवायला जोडपट्टी लागते. स्क्रू मात्र जुने वापरू नका. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे असतात, एसएसडीला बारीक आट्यांचे एम-३ लागतात. जबरदस्ती केली की आटे गेलेच.

विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, साटा मोड एएचसीआय (डिस्कशी बोलायची नवी पद्धत) करा. विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह रुफस या सॉफ्टवेअरने बनवताना, जुन्या बायोससाठी एमबीआर (डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत) निवडा. विंडोज १० आधी याच बोर्डावर डिजिटल परवान्याने चालू असेल तर ‘प्रॉडक्ट की’ (परवान्याचा क्रमांक) विचारल्यावर ती न देता पुढे जा. परवाना बोर्डाशी बांधलेला असतो. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व बरंच नवं प्रोसेसर लागतं. म्हणून बँकेचे व्यवहार या यंत्रावर नकोत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला विंडोज लागत नसेल तर लिनक्स मिंट टाका.

पंख्यावरची धूळही काढा. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांची असते.

प्रश्न : नवी एसएसडी टाकली, दिवसभर छान चालते. सकाळी मात्र तारीख २००९ दाखवतो आणि निळा पडदा येतो. एसएसडी खराब निघाली का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. बोर्डवरचा रुपयाएवढा सेल, सीआर-२०३२, संपला आहे. रात्री मेन स्विच बंद केला की बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात, साटा मोड एएचसीआयवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर जातो आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. सेल बदला, अधिक चिन्हाची बाजू वर. मग तारीख आणि मोड पुन्हा लावा.

प्रश्न : स्वस्त मिळाली म्हणून एम.२ एनव्हीएमई एसएसडी घेतली. २०११ च्या बोर्डात ती कुठे बसते?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : कुठेच नाही. या पट्टीसारख्या एसएसडीचा खास खाचा त्या बोर्डावर नसतो. पीसीआय एक्सप्रेस कार्डावर बसवता येते, पण त्या काळचा बायोस सहसा तिच्यावरून सुरू होत नाही. बिल असेल तर दुकानातून साटाची बदलून घ्या.