माझंच काही चुकलं म्हणून परत आला का?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बावन्न वर्षांच्या ताई. अंडाशयाच्या कॅन्सरची केमो संपून चौदा महिने झालेले. सीए-१२५ (या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) आधी २२ होतं, मग ६१, पुढे १४०. ३५ पर्यंत ते साधारण ठीक धरतात. सीटी स्कॅनमध्ये पुन्हा गाठी दिसल्या. यजमानांनी रिपोर्ट कपाटात ठेवला. ताईंनी तो लॅबच्या मेसेजमधून आदल्या रात्रीच वाचला होता. तीन आठवडे दोघंही एकमेकांपासून तेच लपवत राहिले.

ताईंचा पहिला प्रश्न, "लोणचं खाल्लं, दिवाळीला दगदग केली, म्हणून का?" नाही. स्कॅनला न दिसणाऱ्या मोजक्या पेशी केमोतून वाचतात आणि पुढे वाढतात. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये हे बऱ्याचदा होतं. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून, यजमानांसमोर ऐकवलं. एकट्या समुपदेशकाने सांगितलं की धीर देण्यासाठी बोलतात असंच वाटतं.

दुसरं दुखणं माणसांचं होतं. पहिल्या वेळी घर माणसांनी भरलेलं, या वेळी फोनही येईना. लोक दुष्ट नसतात. दुसऱ्यांदा काय बोलावं हेच त्यांना कळत नाही. "काही लागलं तर सांग" याला काही अर्थ नाही, म्हणून नेमकं मागायला सांगितलं: केमोच्या दिवशी नणंदेने दुपारचा डबा आणायचा, भाच्याने सोबत बसायचं. नातेवाइकांना खबर द्यायचं काम एकट्या मुलीकडे. हळदीकुंकवाला कुणी "परत कसा झाला गं?" म्हटलंच तर उत्तर ठरलेलं: "उपचार चालू आहेत. तुझं काय चाललंय?"

रिपोर्टच्या आधीचे दिवस सगळ्यांत वाईट. तपासणी आणि डॉक्टरांची भेट शक्यतो लागोपाठ घ्यायची, लॅबचा मेसेज एकटीने उघडायचा नाही. भेटीला तीन प्रश्न लिहून न्यायचे: या उपचाराने काय साधायचं आहे, पुढचा स्कॅन केमोच्या किती सायकलनंतर (फेऱ्यांनंतर), आणि कशासाठी रात्रीही यायचं? केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे सकाळची वाट बघायची नाही.

पॅलिएटिव्ह विभागाचं नाव काढताच यजमान उठून गेले. तिथे दुखणं, मळमळ, झोप यांवर उपाय होतात आणि केमोही चालूच राहते, हे समजायला दोन भेटी लागल्या.

शून्य ते दहाच्या ताणमापकावर ताई आठवर होत्या. चारपासून पुढे लक्ष घालावं लागतं. दोन महिन्यांनी पाच. झोप अजून तुटते, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आहे. मध्यरात्री फारच घालमेल झाली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. यजमान अजून मधूनच "तू फक्त पॉझिटिव्ह राहा" म्हणतात. मग ताई म्हणतात, "आज रडू दे, चहा तू कर."