जुन्या वॉकमनसाठी कोणते वंगण वापरावे?

प्रश्न : वडिलांचा १९९०च्या सुमाराचा कॅसेट-वॉकमन बरीच वर्षे कपाटात पडून होता. नवे सेल घातले की तो चालतो, परंतु सुरुवातीची काही मिनिटे आवाज संथ आणि लहरता येतो, नंतर थोडा सुधारतो. आतले वंगण वाळले असावे, असे दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे आहे. त्यात कोणते तेल किंवा ग्रीस घालावे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मोटारीची गती चाकांना देणारा रबरी बेल्ट सैल झाला तरी आवाज लहरतो, पण काही वेळ चालल्यावर वेग सुधारत असेल, तर घट्ट झालेल्या वंगणावरचा संशय बळावतो. तरीही आधी बेल्ट पाहून घ्यावा. तो ताणलेला, तडकलेला किंवा चिकट झाला असेल, तर तो बदलल्याखेरीज कोणत्याही तेलाचा उपयोग होणार नाही.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने सरकावी लागते, आणि हे काम बहुतेक वॉकमनमध्ये एका किंवा दोन पेन्सिल सेलवर चालणारी लहानशी मोटार करते. तिच्याजवळ राखीव जोर जवळजवळ नसतो. म्हणून घराच्या दाराच्या बिजागरीला चालून जाणारे जाड ग्रीस येथे वेग कमी करते. शिवाय संपूर्ण यंत्राला एकच वंगण चालेल, असेही नाही. कोणता भाग कशावर घासतो, हे पाहून निवड करावी लागते.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे फ्लायव्हीलचा (वेग एकसारखा ठेवणाऱ्या जड चाकाचा) दांडा, अर्थात फीत पुढे सरकवणारा कॅप्स्टन, ज्या बुशमध्ये (नळीसारख्या आधारात) फिरतो ते बुश. ते सहसा ब्राँझच्या भुकटीपासून दाबून आणि भाजून तयार केलेले, सच्छिद्र असते, आणि त्याच्या छिद्रांत कारखान्यातच तेल भरलेले असते. दांडा फिरू लागला की तेल बाहेर येते आणि थांबला की बरेचसे पुन्हा छिद्रांत शोषले जाते. अशा बुशसाठी घट्ट न होणारे, स्वच्छ, पातळ कृत्रिम तेल घ्यावे. दाटपणा आयएसओ व्हीजी (तेलाच्या दाटपणाची आंतरराष्ट्रीय श्रेणी) ३२ ते ६८ या दरम्यान असल्यास उत्तम. शिलाई मशीनचे तेल याहून पातळ असते. ते मिळत असेल तर तात्पुरते चालेल, पण लवकर उडून जाते आणि पसरते, म्हणून मी त्याला दुसरी पसंती देईन. सुईच्या टोकावर मावेल इतका एक थेंब दांड्याच्या मुळाशी सोडावा. बुश थिनरने धुऊन काढण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे छिद्रांतले उरलेसुरले तेलही निघून जाते.

प्लास्टिकचे गिअर आणि सरकणाऱ्या पट्ट्या यांचा प्रश्न वेगळा आहे. मूळ ग्रीसमधील तेल कालांतराने निथळून जाते आणि मागे ग्रीसला घट्टपणा देणाऱ्या साबणाचा पिवळसर, मेणासारखा थर उरतो. त्यावर नवे तेल सोडले, तर काही दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा तेच होते; म्हणून जुना थर आधी दातकोरणीने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापसाने पूर्ण पुसून काढावा. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन प्लास्टिकजवळही नेऊ नये. त्यानंतर ‘प्लास्टिकसाठी सुरक्षित’ असे स्पष्ट लिहिलेले, पीटीएफई (टेफ्लॉन) मिसळलेले कृत्रिम तेलाचे हलके ग्रीस अगदी पातळ लावावे. हा आग्रह यासाठी, की काही तेलांमुळे ताणाखालील पॉलिकार्बोनेट व एबीएस प्लास्टिकला बारीक चिरा पडतात, आणि हे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. जपानमधील बाजारासाठी कॅसेट-वॉकमन पाठवणे सोनीने २०१० मध्येच थांबवले.

काही जागा मात्र कोरड्याच राहिल्या पाहिजेत : बेल्ट, पुली, रबरी आयडलर (एका चाकाची गती दुसऱ्याला देणारे मधले चाक), फीत कॅप्स्टनवर दाबणाऱ्या पिंच रोलरचा पृष्ठभाग, फितीवरचा आवाज वाचणारे हेड, आणि फीत गुंडाळणाऱ्या रीळाखालची फेल्टची चकती. ही चकती ठरावीक घर्षणावर काम करते. तिला तेल लागले तर रीळ फीत ओढत नाही आणि सैल फीत पिंच रोलरमध्ये अडकून चिरडली जाते.

प्रश्न : घरचे खोबरेल किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे वापरला तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही नको. खोबरेल तेल २४ अंश सेल्सियसच्या आसपास गोठू लागते आणि हवेत राहून खवट व चिकट होते. गंज सोडवणाऱ्या स्प्रेमध्ये बराचसा भाग उडून जाणाऱ्या द्रवाचा असतो. तो क्षणभर सगळे मोकळे करतो, परंतु मागे राहणारा पातळ थर वंगणाचे काम फार काळ करत नाही, आणि फवारा बेल्टपर्यंत पोहोचला की तो घसरू लागतो. सिलिकॉन स्प्रेचाही हाच दोष आहे, शिवाय तो धातूवर धातू घासतो तेथे कमजोर पडतो.

प्रश्न : माझ्या सोनीच्या डीडी मालिकेतील वॉकमनमधून फीत चालू असताना ठरावीक अंतराने ‘टिक टिक’ असा आवाज येतो. ग्रीस लावून तो थांबेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : थांबणार नाही. या मालिकेत मधला प्लास्टिकचा गिअर वर्षांनुवर्षांनी आकसून तडकतो, हा परिचित दोष आहे, आणि तडकलेल्या ठिकाणी दात फाकल्याने प्रत्येक फेरीला तो आवाज येतो. ग्रीस लावल्यास आवाज थोडा दबेल, पण फीत हिसका खातच राहील. या गिअरचे नवे, बाहेर तयार केलेले नमुने मिळतात; तो बदलावा, आणि बदलतानाच शेजारच्या दांड्याला वर सांगितलेल्या तेलाचा एक थेंब द्यावा.